दोघांची किटली

हार्लिंगनच्या धक्क्यामागे, जिथे पूर्वी हेरिंग धुरावर टांगायचे,
तिथे हिल्ट्शेचं वर्कशॉप.
दमट दिवशी भिंती अजून मासळी आठवतात.
मी तिच्याकडे पॅकिंग करते:
लाकडाचा भुसा, पुठ्ठा, चिकटपट्टी,
आणि शेवटी फॉर्म.

फॉर्मवर दोन चौकटी असतात.
कलाकृती. घरगुती वस्तू.
दोहोंचा कर निराळा
आणि खूण एकीतच करायची.

मागच्या साली तीन पायांची खुर्ची पाठवली.
चौथा पाय बसणाऱ्याने आपला लावायचा,
डुलकी आली की खुर्चीसकट खाली.
घेणाऱ्या बाईंचं पत्र आलं:
बाबा आता जेवताना झोपत नाहीत,
शिव्या मात्र देतात, तुम्हाला.
खूण कुठे केली होती, आठवत नाही.

मग ही किटली.
तांब्याची, आतून कल्हई, गरोदर पोट,
दोन मुठी दोन बाजूंना, हातभर लांब दांड्यांवर.
एकट्याने उचलाल तर कलणार
आणि उकळतं पाणी पायावर.
एका हाताने टाळी वाजत नाही;
हिल्ट्शेचं म्हणणं, चहाही होऊ नये.
त्या हिवाळ्यात तिच्या ओट्यावर
एकच कप उपडा असायचा.
मी विचारलं नाही.
ती डाग देत राहिली, उकलत राहिली, पुन्हा डाग.

चौथी किटली म्युझियमने घेतली.
काचेत ठेवली, खाली पाटी:
हात लावू नये.
कल्हई केलेल्या भांड्याला
याहून मोठी शिक्षा मला माहीत नाही.

पहिली, जिची तोटी जरा तिरपी,
ती शेजारी डौवेला दिली.
फेरीबोटीवर इंजिन सांभाळलेला माणूस,
आउक्जे गेल्यापासून एकटा.
हिल्ट्शेचा हिशोब साधा होता:
रोज चारला तो आपलं दार वाजवणार.

दोन दिवस वाजवलं.
तिसऱ्या दिवशी नाही. आठवडाभर नाही.
भाजलं-बिजलं की काय म्हणून आम्हीच गेलो.

स्वयंपाकघराच्या छताला हूक,
हुकाला बोटीवरची कप्पी,
कप्पीतून दोरी, दोरीला एक मूठ.
दुसरी त्याच्या हातात.
किटली हवेत अशी तरंगत आली
जशी नांगर उचलल्यावर बोट जराशी सैल होते,
आणि कपात धार, थेंब इकडेतिकडे नाही.
"तुझ्या वस्तूत चूक होती," तो म्हणाला, "काढली."

हिल्ट्शेचा चेहरा मी बघितला नाही,
दोरीकडे बघत राहिले.
चूक कसली, मुद्दाच तो होता, असं ती म्हणणार
एवढ्यात तोच म्हणाला, कप पुढे सरकवत,
"हूक जुनाच आहे.
शेवटच्या वर्षी तिचा पलंग इथे होता, शेगडीजवळ.
ही दोरी धरून उठून बसायची.
मी अर्धं ओढायचो,
अर्धं ती."

बाहेर कोणाची तरी सायकल पडली.
कोणी उचलायला गेलं नाही.

हिल्ट्शेने वही काढली, गाठ उतरवून घ्यायला लागली.
तीन वेळा खोडली.
"आधी चहा," डौवे म्हणाला, "निवतोय.
आणि सीत्स्के, तू ती बशी धर,
तिरप्या तोटीचा भरवसा नाही."

परवा गेंटच्या गॅलरीचं पत्र आलं.
त्यांना किटली हवी आहे, दोरीसकट, कप्पीसकट,
आणि जमल्यास छताचा तो तुकडाही.
डौवेला दाखवलं. पोट धरून हसला.
मग म्हणाला, दोरी नवी देतो,
ही नाही.

फॉर्म माझ्या टेबलावर आहे.
दोन्ही चौकटी कोऱ्या.
नवी दोरी आली आहे, कडक, डांबराच्या वासाची,
पण ती गाठ माझ्याने बसत नाही.
पाऊण वाजून गेलाय.
चारला जाईन.